तोळामासा

टॉडमॉर्डनच्या बाजारामागे, कालव्याला पाठ टेकून
माझं दुकान. टोस्टर, हिटर, कधीमधी एखादा अँप.
नोव्हेंबरात व्हर्नन अक्रॉइड आला,
बिस्किटांच्या डब्यात एक फोटो घेऊन.
फोटोत डग क्रॅबट्री, केस घामाने कपाळाला चिकटलेले,
मागे अँपवर, बिअरच्या ग्लासाला खेटून
एक करडी पेटी, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी.
"ही," व्हर्नन म्हणाला, "अशीच करून दे."

मूळ पेटी गेली बहात्तर साली, व्हॅनबरोबर,
डोंकास्टरच्या एका चहाच्या टपरीसमोरून.
चोराला गिटार नको होती. व्हॅन हवी होती.

आत काय असतं? फार काही नाही.
तीन रेझिस्टर, तीन कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी,
आणि जर्मेनियमचा एक ट्रान्झिस्टर, वाटाण्याएवढा.
दारातला पहिला कपॅसिटर म्हणजे झारीतला शुक्राचार्य,
खर्जाला आत येऊ देत नाही,
तारसप्तकाला तेवढं बोट धरून पुढे नेतो.
बाकी सगळं ट्रान्झिस्टरच्या मर्जीवर,
आणि त्याची प्रकृती तोळामासा.
हिटर लावला की सैलावतो, खिडकी उघडली की आखडतो,
दोन बोटांत नुसता धरला
तरी माझ्या उबेने त्याला गळती लागते.

चाळीस मागवले. एकेक चिमट्यात धरून ऐकला.
बारा मुके. बरेचसे तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे चुरचुरणारे.
एक तर कुठल्याशा स्टेशनवरचं
समुद्राचं हवामान सांगू लागला.
डिसेंबर गेला. नवऱ्याने विचारलं, म्हाताऱ्याकडून घेणार किती?
म्हटलं, वीस पौंड.
"तासाला?"
मी डाग देत राहिले.

मग हॅलिफॅक्सच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या भंगारात
तपकिरी पाकीट सापडलं. वर पेन्सिलीने:
कर्णयंत्र. मिसेस होल्रॉइड. दुरुस्त. न्यायला आल्या नाहीत.
त्यातला ट्रान्झिस्टर शांत होता,
कुणी काही बोलत नसेल तेव्हा
आपणही गप्प बसणारा.
त्याला एक स्वर दिला, आणि
कसं सांगू,
चिंचेचा कोळ जिभेच्या कडांना लागतो ना, तसं झालं.

फेब्रुवारीत व्हर्नन आला. बरोबर नात, इमोजेन, ती वाजवणार.
मी हिटर बंद केला. तिघंही कोट घालून उभे.
त्याने दोन्ही कानांतली यंत्रं काढली,
काउंटरवर ठेवली, माझ्या पकडीशेजारी.
अकरा वर्षं तो डगच्या अँपच्या डाव्या अंगाला उभा होता.
डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात
वरची पट्टी कोरीच आहे, नात म्हणाली.

म्हणजे ही पेटी जे जे उंचावते
ते ते त्याला ऐकूच येत नाही.
हे मला तेव्हा कळलं, तीन महिन्यांनंतर.

त्याने स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकला.
इमोजेनने तार ओढली, धरून ठेवली.
बरण्यांतले स्क्रू थरथरले. बाहेर एक बदक उडालं.
तो डोळे मिटून उभा, पोराला ताप आहे का
बघावं तसा हात ठेवून.
"नाही," म्हणाला. "ही डगची नाही."

इमोजेनने पंजाने तारा दाबल्या. खोली एकदम मोठी झाली.

"थांबलीस का?" तो खेकसला. "वाजव ना."

अर्धा तास वाजलं. वीसच्या जागी तीस ठेवले त्याने,
पेटी बिस्किटांच्या डब्यात घातली, डबा काखेत.
मिसेस होल्रॉइडबद्दल मी काही बोलले नाही.
ते गेल्यावर पाहते तर
कानांतली यंत्रं काउंटरवर तशीच,
एक अजून बारीक शिटी घालत होतं.

मुठीत घेऊन मी कालव्याच्या काठाने धावले,
आणि धावताना, शहाणी मी,
त्याला हाका मारत होते.