समासातली पेन्सिल

मार्च संपत आला, तरी खिडकीचा खालचा अर्धा भाग
अजून बर्फाच्याच ताब्यात.
रूडी परवा बोटीवर गेला,
लोखंडाची माती भरून सुपीरियर सरोवराच्या
या टोकाहून त्या टोकाला.
आता डिसेंबरपर्यंत तो म्हणजे फोनमधली खरखर.
आणि मी रात्रभर वृद्धाश्रमात
लोकांच्या कुशी बदलून सकाळी सातला घरी.
आठला शाळा.
शाळा म्हणजे हेच टेबल,
लापशीचे वाडगे उचलले की.

वाचन जमतं. गणित रेटतो.
विज्ञानापाशी माझ्या पापण्या मिटतात.
म्हणून असं पुस्तक हवं होतं,
जे आउने आणि एइनो आपलं आपण उघडतील,
आपलं आपण मिटतील,
आणि मधल्या वेळात घर पेटवणार नाहीत.

डोरीनने तिचा खोका दिला बघायला.
चारशे बारा डॉलर, चोवीस कुप्या, एक भिंग,
आणि आईने काय बोलायचं तेसुद्धा छापलेलं, ठळक अक्षरांत:
‘आता मुलांना विचारा, तुम्हाला नवल वाटलं का?’
एइनो म्हणाला, नाही.
त्याच्यापुढे काय बोलायचं, ते छापलं नव्हतं.

दुसऱ्यात पडद्यावर एक गृहस्थ.
प्रश्न विचारतात, तीन सेकंद हसतात
आणि उत्तर देऊन मोकळे होतात.
आउने अजून तोंडच उघडत होती.

तिसऱ्यात गाळलेल्या जागा.
इतक्या अरुंद,
की त्यांत ‘माहीत नाही’ मावलं नसतं.

मग चर्चच्या तळघरातला जुना बाजार.
बोथट स्केट्स, तुकडे हरवलेली कोडी, आणि त्यांच्याखाली हे:
पाऊण डॉलर, पाठ निखळलेली,
शेवटची उत्तरांची पानं कुणीतरी फाडून नेलेली.
परत ठेवणार होते.
पण पान एकतीस उघडलं.
छापलं होतं: अंधारात ठेवलेलं बी वाढत नाही.
शेजारी समासात, पेन्सिल दाबून दाबून:
‘वाढलं. आमचं वाढलं.
पांढरं आणि लांब आणि वेडंवाकडं, पण वाढलं.
वेंडेल, वय ८.’
त्याच्याखाली मोठ्या माणसाचं तिरकं अक्षर:
‘मी पाहिलं. खरं आहे.’

तिथेच, स्केट्सच्या ढिगाशी, बूट ओले,
मी पुढची पानं चाळत राहिले.
वेंडेलने सगळीच भांडणं जिंकली नव्हती.
पान चव्वेचाळीसला त्याने लिहिलं होतं,
‘पुस्तकाचं बरोबर. माझं भांडं गळत होतं.’
मला हा मुलगा आवडला.
पाऊण डॉलर दिला.

डोरीन म्हणाली, अगं, चुका आहेत त्यात!
म्हटलं, हो, आणि एक सापडलीसुद्धा आहे.

एइनोने पान एकतीस वाचलं, दोनदा.
मग विचारलं,
‘तळघरातल्या बटाट्यांना हे कुणी सांगितलं नाही का?’
मी म्हटलं, मला ठाऊक नाही,
आणि माझी झोप झालेली नाही.
पडद्याआड उजेड होता, मी उशीत तोंड खुपसलं.
जिन्याच्या पायऱ्या वाजल्या.
कपाटाचं दार. कुजबुज.
काहीतरी सांडलं, पण फुटलं नाही.

अशा बारा-तेरा सकाळी गेल्या.
मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विसरले.
छपरावरचा बर्फ एके दिवशी धाडकन अंगणात आला,
रूडीची बोट दोनदा धुक्यात अडकली,
खोली क्रमांक नऊमधल्या एल्साबाई गेल्या.

काल दुपारी उठले, तर टेबलावर पुस्तक उघडंच.
वेंडेलच्या खाली, त्याच्या आईच्या खाली,
उरलेल्या बोटभर जागेत:
‘आमचं पण. साडेनऊ इंच.
एइनो कोस्केला, वय ७.
आउनेने मोजलं.
आई झोपली होती.’

मलाही एक ओळ लिहायची होती.
खण उघडले, फ्रीजच्या वर पाहिलं,
कोटाचे खिसे उलटे केले.
घरातली एकुलती एक पेन्सिल
खाली तळघरात होती,
एइनोच्या कानामागे.
आणि वरून हाक मारली, तर दोघं म्हणाले,
दार लाव, उजेड येतोय.