डावं-उजवं

टाइम-आउट साठ सेकंदांचा.
तेवढ्यात दोन्ही रिंगांखालची फरशी मला कोरडी करायची असते.
पानेवेझिसच्या या हॉलमध्ये माझं एकोणिसावं वर्ष.
रबरी बूट, मॉप, कमरेला खोचलेलं जास्तीचं फडकं.
टीव्हीवर मी दर सामन्यात दिसते,
म्हणजे माझी पाठ दिसते.

माझा दीर प्रानास म्हणतो,
वहिनी, इतक्या जवळून तूच बघतेस, तूच सांग:
ग्विदास की कॉर्टेझ?
बॉयलरवाल्या केस्तुतिसशी त्याची पैज लागलीय,
धुरी दिलेला ईल मासा, चांगला हातभर.
लसूण चोळलेला तळलेला काळा पाव मध्ये ठेवून
अख्खा हिवाळा दोघांचं डावं-उजवं चाललंय.

ग्विदास तर खरंच डावखुरा.
साखर कारखान्यामागे, जाळी नसलेल्या रिंगेत
बॉल टाकत वाढलेला. सामन्याला सतरा गुण, सात असिस्ट.
कॉर्टेझ मेम्फिसहून आला,
पहिल्या थंडीत त्याचे ओठ फुटून रक्त यायचं,
केस्तुतिसच्या बायकोनं मेणाची डबी नेऊन दिली.
सोळा गुण. आणि बॉल असा चोरतो
की पाहुणा संघ बसमध्ये बसल्यावर
खिसे चाचपून बघतो (हे केस्तुतिसचं).

आकडे त्यांना तोंडपाठ.
मला एवढंच कळतं, कोण कुठे भिजवतो.

कॉर्टेझ सगळीकडे.
जाहिरातींच्या फळ्यांपाशी, पंचांच्या टेबलाखाली,
एकदा तर माझ्याच स्टुलावर येऊन आदळला,
सॉरी म्हणाला, आमच्या भाषेत, चुकीच्या लिंगात.
त्याच्या मागे फिरताना माझी कंबर धरते.

ग्विदासचं ठिकाण ठरलेलं होतं:
रिंगेखाली, जरा डावीकडे,
ताटाएवढं एक ओलं वर्तुळ.
तिघांच्या मधून घुसायचा, बॉल काचेला लावायचा, आपटायचा,
आणि उठताना तळहातानं फरशी एकदा थोपटायचा,
घोड्याला थोपटावं तशी.
बारा वर्षं मी ते वर्तुळ पुसलं.

यंदा ऑक्टोबरपासून तिथे कोरडं आहे.

ओल सरकलीय मागे, तीन गुणांच्या रेषेबाहेर.
तो तिथूनच फेकतो. बॉल जातोही.
लोक म्हणतात, काय नेम बसलाय पठ्ठ्याचा!
आकडा तोच, सतरा.
प्रानासच्या वहीत काहीच बदललेलं नाही.
उजव्या गुडघ्याचं मी कुणाला बोलले नाही.
क्लाइपेदाच्या कोचचा माणूस दुसऱ्या रांगेत बसून
चॉकलेट देत होता, गप्पा मारत होता.
चॉकलेट खाल्लं.

मग मार्चमधला तो सामना.
एका गुणानं मागे, सहा सेकंद,
आणि ग्विदास आत शिरला.
हॉल उभा राहिला. मी बसूनच होते,
मला फक्त पाय दिसत होते.
बॉल रिंगेच्या कडेवर दोनदा नाचला, बाहेर पडला,
तो खाली, आणि शिट्टी नाही.
कॉर्टेझनं हात पुढे केला, उजवा.
यानं डावा दिला.
डावा हात उजव्यात नीट बसत नाही,
सुटला. कॉर्टेझनं मग मनगटच धरलं.

मी गेले मॉप घेऊन.
ताटाएवढं वर्तुळ, रिंगेखाली, जरा डावीकडे.
सामना संपला होता, पुसायची घाई नव्हती.
तरी पुसलं. दिवे घालवायला माणूस थांबला होता.

रविवारी प्रानासनं परत विचारलं.
कॉर्टेझ, म्हणाले.
का? म्हणे.
म्हटलं, यंदा तोच सरस आहे, ईल दे त्याला.
तो चिडला, वही मिटली,
बायकांना काय कळतंय, असं काहीतरी पावाशी पुटपुटला.

ईलचा वाटा केस्तुतिसनं मलाही पाठवला,
वर्तमानपत्रात गुंडाळून. खारट होता.

हल्ली सामना सुटला की
कॉर्टेझनं केलेला सगळा पसारा आवरते,
मॉप पिळते, बादली ओतते.
मग कमरेचं ते जास्तीचं फडकं काढून
रिंगेखाली, जरा डावीकडे,
कोरड्या फरशीवर
एकदा फिरवते.