खोबरेल

डिसेंबरात आमच्या घरी सगळ्यात आधी
खोबरेल थिजतं.
निळ्या बाटलीत पांढरं, काडी घातली तर काडी उभी.
त्यानंतर हेमराजची बोटं.

चौतीस वर्षं कोराडीला बॉयलरपाशी काढली या माणसानं.
मे महिन्यातही दुपारपाळी.
सदरा घरी यायचा तो मिठानं कडक होऊन.
आता निवृत्तीनंतर
दोन स्वेटर, कानटोपी, वरून माझी शाल,
आणि तरी रात्री विचारतो,
"अवं, मागचं दार लावलं काय?"

पारा आठावर, मग सातावर.
अधिवेशन सुरू झालं, रस्ते बांबूंनी अडले,
मुंबईची माणसं नवेकोरे कोट घालून
तर्रीपोह्यांच्या ठेल्यापाशी कुडकुडू लागली.
मी म्हटलं, हे सगळे इकडे आलेत
तर त्यांचा समुद्र मोकळाच असेल सध्या.
गाडी काढ.

आमचं गाव असं, की कुठूनही निघा,
समुद्र सारखाच लांब.
झिरो माइलच्या खांबावर जी गावं कोरलीत
त्यातल्या एकालाही लाटा नाहीत.

डिकीत संत्र्यांच्या दोन पेट्या, गुडघ्याचा पट्टा,
आणि केसांना लागतं म्हणून ती बाटली.
समृद्धीवर रस्ता इतका सरळ
की हेमराज म्हणाला, बोलत राह्य,
नाहीतर डोळा लागन माझा.
काय बोलणार? एकतीस वर्षांत बोलून झालेलं
पुन्हा पहिल्यापासून बोलले.

इगतपुरीला मुक्काम. सकाळी बाटली दगड.
श्रीवर्धनला खोलीत पहाटेही पंखा फिरत होता,
डिसेंबरात पंखा!
तेल सुटलं होतं, मधे एक पांढरा गोळा
अजून मन वळलं नसल्यासारखा.

दाभोळच्या खाडीत गाडी बोटीवर चढवली
आणि हा उतरून थेट इंजिनाच्या दारात.
आतल्या पोराला विचारतो, "प्रेशर किती ठेवता?"
धडधडीत पुढचं ऐकू आलं नाही.
दोघांचे हात तेवढे दिसत होते,
वर, खाली, गोल.
धोपावे आलं, मागच्या गाड्या हॉर्न मारू लागल्या,
तेव्हा कुठे आला, घामाघूम.
स्वेटर तिथल्या कठड्यावरच राहिला.
अजून जात-येत असेल बिचारा
या काठावरून त्या काठावर.

गुहागरात घराच्या मालकीण मयेकरबाईंनी विचारलं,
"थंडी म्हणजे किती ओ, तुमच्याकडे?"
आकडा सांगून काय कळणार?
मी म्हटलं, तुमच्या माडाचं तेल
आमच्याकडे दगड होतं.
त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली,
परगावी दिलेल्या लेकीला
कुणी उपाशी ठेवलंय असं कळावं, तशा.

संध्याकाळी वाळूत बसून
हेमराजनं दहाही बोटं उघडली,
मिटली, पुन्हा उघडली. मला मोजून दाखवली.
मग कितीतरी वेळ गप्प.
"बरं वाटते न?"
"वाटते. पण इथं कोणी कोणाजवळ सरकतच नाही बापा.
आपल्याकडे शेकोटी असते,
माणूस आपोआप बोलते."

मालवण, वेंगुर्ला राहूनच गेलं.
मयेकरबाईंनी संत्री ठेवून घेतली,
पोतंभर नारळ दिले, न सोललेले.

परतताना कारंज्याच्या अलीकडे पहाट झाली.
बाटलीच्या कडेला पांढरी रेघ.
मी तळहातांत धरून घासू लागले,
तर हा म्हणतो, "राहू दे. घर आलं."

रात्री मानकापूरच्या आमच्या गल्लीत
टायरचे तुकडे, खोक्याच्या फळ्या, नेहमीचे पाच जण.
मेंढेभाऊंनी थोडं सरकून जागा केली.
"कसा होता मग समुद्र?"
हेमराजनं विचार केला.
"कोमट," म्हणाला,
आणि नारळाची एक सोडण आगीत टाकली.

धूर जरा वेगळाच आला.
सगळे खोकले,
आणि जवळ सरकले.