वजन

कॉडची मासेमारी बंद झाली त्या साली
पार्डीज आर्ममधली पोरं होड्या उलट्या घालून
तेलाच्या कामांवर गेली, पार अल्बर्टाला.
तिथं त्यांना मुलं झाली.
इथं ड्रुसिला कीपिंगच्या हाताला सुई.

मी पोस्टात. खिडकीच्या आत मी, बाहेर ती,
मध्ये काटा.

सहाशे दहा ग्रॅम, फोर्ट मॅकमरी.
पाचशे नव्वद, पुन्हा फोर्ट मॅकमरी.
एकदा जुळी, ब्रूक्सला, एका खोक्यात दोन,
"वेगळी बांधली तर दुप्पट घेशील तू."

"किंमत?" मी विचारायची. विम्याचा रकाना असतो.
"लिही काहीतरी."
मी पंचवीस डॉलर लिहायची.
टपाल वाढलं, दोरा वाढला, रॉकेल वाढलं,
पंचवीस पंचवीसच.

खोकं चिकटवायच्या आधी ती एकदा उलगडून दाखवायची,
नको म्हटलं तरी.
हा चर्चच्या हॉलचा पडदा. ही एफीची झग्याची कड.
हे लिअँडरच्या शर्टांचं, पाठीकडचं,
कारण बाह्या झिजून गेलेल्या.
(लिअँडरला समुद्रानं नाही नेलं.
स्वयंपाकघरात बूट काढता काढता गेला,
एक पायात, एक हातात.)
गाठ कधी वर नाही. कापसात ओढून घ्यायची.
"बोट अडकतं, बाळ रडतं,
मग त्याची आई मला शिव्या घालते, दोन हजार कोसांवरून."
आणि तीनदा धुतलेली असायची.
नवं कापड बोचतं म्हणे.
चुलीवर वाळवलेली, म्हणून पार्सलाच्या थैलीत
आठवडाभर लाकडाच्या धुराचा वास.

फोटो यायचे. पुढेपुढे फोटो यायचे थांबले.
एक गोधडी परत आली, पत्ता लागला नाही.
ती काखेत घालून गेली, एक शब्द नाही.
तीन महिन्यांनी हॅलिफॅक्सच्या खोक्यात
तोच नारिंगी त्रिकोण मला दिसला.
मी वजन केलं. पंचवीस लिहिले.

शाळेत शेवटी तीन मुलं उरली.
मग दोन. मग कुलूप.

मग खेकड्याच्या कारखान्यात माणसं आली
फिलिपिन्सहून. बर्फात चपला घालून उतरले होते दोघे.
त्यांच्यातली लुझविमिंडा
दर शुक्रवारी पैसे पाठवायला माझ्याकडे यायची,
जानेवारीत कोटाची बटणं लागेनात तिची.

ड्रुसिलानं काही विचारलं नाही.
एप्रिलच्या शेवटी आली,
हातात गोधडी, कागद नाही, दोरी नाही,
तशीच काट्यावर ठेवली.
"कर."
"कुठं जायचीय?"
"वरच्या आळीत."
"मग वजन कशाला?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं काही मी चहात मीठ टाकलं.
"सवय," म्हणाली.
पाचशे चाळीस.
घडी घातली, चढ चढून गेली. मी खिडकीतून पाहत राहिले,
दोनदा थांबली, गुडघा धरून.

जूनमध्ये नर्सची गाडी रस्ता खचल्यानं आली नाही.
लुझविमिंडा बाळ घेऊन थेट पोस्टात.
"पार्सलं तोलता ना? हे तोला."
क्रिसांतो त्याचं नाव. मुठी वळलेल्या, डोळे उघडे,
अंगाखाली लिअँडरची पाठ, एफीची कड.
पाच हजार एकशे वीस.
"गोधडीसकट," ती काळजीत.
मी म्हटलं, वजा पाचशे चाळीस.
वहीत बघावं लागलं नाही.
चार हजार पाचशे ऐंशी, पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिले.
'पाठवणार' कोरं. 'किंमत' कोरं.

तेवढ्यात त्यानं ओली केली.
पितळी ताटलीतून एक धार माझ्या शिक्क्यांकडे.
तिकिटं घ्यायला उभी होती ड्रुसिला.
वाकून पाहिलं, हात लावला नाही.

"हं," म्हणाली. "आता झाली त्याची."