रकाना सातवा

सुप्याच्या माळावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं,
कुसळं मोज्यांत शिरत होती.
चिंकारा तरवडाच्या आडोशाला पडलेला,
म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते.

भिकोबा खोमणे जवळ गेले नाहीत.
लांबूनच एक फेरी मारली,
देवळाला घालावी तशी, पण डावीकडून.
"मॅडम, आधी जमीन वाचायची.
मढं कुठं पळून चाललंय?"

माझी ही पहिलीच नेमणूक.
पंचनाम्याचा कागद पॅडवर, पेन्सिल कानामागे.
रकाना सातवा : भक्षक प्राण्याचे नाव.
गळ्यावरची चार भोकं मला दिसली होती,
मी 'लांडगा' लिहूनही टाकलं होतं.

वरचा डोळा नव्हता.
"कावळा. तो उजाडल्यावरचा पाहुणा, त्याला सोडा."
पोटाची पिशवी अख्खी बाजूला ओढलेली,
फाटल्या जागेतून अर्धी चावलेली बोरं दिसत होती.
"हा लांडगाच. दुसऱ्याचा चारा त्याला नको असतो."
बरगड्यांची टोकं कुरतडलेली, उंदरानं वही कुरतडावी तशी.
"खोकड. उष्ट्यावर जगतंय बिचारं."
मांडीचं जाड हाड मधोमध फुटलेलं,
शेजारी मुरमात पुढचा पंजा मोठा, मागचा लहान.
भिकोबा हसले. "तरसबाई. भांडी घासूनच उठते."

असं रात्रभर पंगतीवर पंगत उठली होती
आणि मी एकाच प्राण्याचं नाव मागत होते.

मग त्यांनी खिशातून दाढीचं अर्धं पातं काढलं,
गळ्याचं कातडं सोललं.
आत पांढरं स्वच्छ, दुधावरच्या सायीसारखं.
"जिता असता तर इथं रक्त साकळलं असतं.
मेल्यावर चावलं की नुसतं भोक पडतं,
आतल्याला काही कळत नाही."

बोटं चाचपत खांद्यापाशी आली आणि थांबली.
तिथं कातड्याखाली तळहाताएवढं जांभळं-काळं,
मधोमध तुरीच्या दाण्याएवढं छिद्र.
"असला दात माळावर कुणालाच नाही."

जीपच्या चाकोऱ्या बांधापर्यंत आल्या होत्या,
तिथंच वळून परत गेल्या होत्या.
बत्ती मारून शोधलं असेल, सापडलं नसेल.
जनावर इथवर एकटंच चालत आलं.

मी खोडरबर शोधत होते तेव्हा
ते उजव्या मागच्या पायाशी बसलेले दिसले.
पाय नव्हताच तिथं.
"तरसानं नेला?"
"तरस सांधा हुडकत बसत नाही."
कापल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला,
एकदा, मग पुन्हा, उलट्या बाजूनं.
चपलेचा एक ठसा होता जवळच,
आणि त्याच्यावर, नीट पाहिलं तर, लांडग्याचा.
म्हणजे पहिली पंगत माणसाची.

"सुरी डाव्या हातातली हाय," एवढंच बोलले.
नंतर वाटभर बोललेच नाहीत.

चहाला त्यांच्या घरी थांबलो.
ओट्यावर परात पालथी घातलेली, वर दगड.
जावई आला, सत्वा नाव त्याचं,
गाळणी उजव्या हातात, किटली डाव्यात,
एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही.
मी पाहिलं.
मी पाहतेय हे भिकोबांनी पाहिलं.
आत त्यांची लेक लसूण ठेचत होती, थांबली.

चहा बशीत ओतून त्यांनी सावकाश संपवला.
"मॅडम, त्या रकान्यात जागा किती हाय?"
"एक ओळ."
"मग बारीक अक्षरात लिवा.
पण ज्या वळीनं जेवले, त्याच वळीनं लिवा."

पुण्याच्या बसमध्ये आता मांडीवर
कातड्याच्या तुकड्याची बरणी आहे, लाखेनं बंद.
शेजारची बाई विचारते, लोणचं का?
मी हो म्हणते.
कागदाची घडी अजून उघडलेली नाही.
सातव्या रकान्यात खोडल्याची काळपट खूण आहे,
तिच्यावर पेन नीट उमटत नाही.