सातव्या दिवसाची पट्टी

मुंजाजी ढवळे, वय बावन्न.
जालना एमआयडीसी, सळ्यांची मिल,
भट्टीसमोर एकवीस वर्षं.
केसपेपरवर एवढंच वाचलं
आणि सदरा काढायला सांगितला.

छातीवर केस नव्हते फारसे.
भट्टीनं खाल्ले, म्हणाला, तुमचं ब्लेड वाचलं.
जेल लावलं तसा शहारला.
लाल लोखंडाला न भिणारा माणूस
एका गार थेंबाला भ्याला.

दाराशी बायको, कौसाबाई.
‘बुधवारी ताप आली. पोरीनं शाळेतून आणली,
घरात चौघं आडवे.
तिसऱ्या दिवशी उतरली, चौथ्या दिवशी हे पाळीवर.
बसा म्हनलं घरी. तर म्हनले,
मी रोज बाराशे डिग्रीसमोर हुभा ऱ्हातो,
तू एकशे दोनचं कवतिक कामून करायलीस?
आन् आता पहाटपासून
छातीत दगड ठेवल्यावानी होयलंय.’

ताप उतरला म्हणजे गेला,
असं मीही धरून चालायचे.
पण हा पाहुणा कधी कधी
उंबऱ्यावरून मागं फिरत नाही.
माजघरात शिरतो.
रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं निजलेल्या चरबीला डिवचतो,
वाट आधीच अरुंद असते तिथंच
रक्ताची गाठ मारतो.
कधी थेट हृदयाच्या मांसालाच सूज.
सय्यद सर राउंडला सांगत असतात:
छाती धरून आलेल्याला विचारत जा,
आठवड्यात सर्दीताप होता का.
आम्ही विचारत नाही.
बाहेर रांग असते.

छातीवर सहा, हातापायांना चार.
गुलाबी चौकटींवर रेघ निघाली
आणि व्ही-टूपासून व्ही-फोरपर्यंत
वर गेलेली खाली यायचं विसरली.
मी काही बोलले नाही.
आम्ही बोलायचं नसतं.
पट्टी फाडली आणि पळाले.

पळताना कळलं, माझा मास्क ओला आहे.
रविवारपासून मीही शिंकत होते.
रजा मागितली नव्हती.
किती छात्यांवर वाकले असेन
त्या तीन दिवसांत?

चैत्रात तो आला, चालत.
हृदयाचं पंपिंग चाळीस टक्के.
आता मिलच्या गेटवर बसतो,
ट्रकांचे नंबर लिहितो.
थंडीच्या आधी फ्लूची लस,
हे पोरीनं कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलंय,
दिवाळीच्या चौकोनात, दिवाळीपेक्षा मोठं.

खिशातून त्यानं घडी काढली.
त्या दिवसाची पट्टी, सगळी काळी.
भट्टीकडं गेला होतात?
हसला. ‘पोरायला भेटाया. लांबूनच.’
हा कागद उष्णता सोसत नाही.
इतकी वर्षं हाताळते,
हे त्याला सांगायचं राहिलंच होतं.

‘ह्याच्यात आता काय दिसंना बाई.
दुसरी काढा.’

तो पलंगावर पडला, डोळे मिटून घेतले.
मी जेल आधी माझ्या तळव्यावर घेतलं
आणि थोडा वेळ
मूठ मिटून उभी राहिले.