मानस

लेबलला दहा वर्षं झाली म्हणून संग्रह निघणार,
बारा ट्रॅक, दोन तबकड्या, जाड पुठ्ठा,
आणि मास्टरिंग माझ्याकडे,
रायबंदरला, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत.
भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकलेत,
तरी चोडणच्या फेरीबोटीचा भोंगा आत येतोच.

लिगोर म्हणाला, बाकी काय हवं ते कर,
ठोक्याला हात लावू नकोस.
ती आपली सही आहे.

खरं आहे ते.
लिस्बनच्या कुठल्याशा तळघरात
कुणी डोळे मिटूनही ओळखतं, हे त्या गोव्यातल्यांचं.
किक म्हणावी तर किक नाही.
आधी पोटात लागतो,
मग अर्ध्या श्वासानं मागून
ओलं लाकूड कुरकुरतं.
तो पडला की बाकीचे सगळे स्वर
जरा मागं सरतात,
आणि पुन्हा पुढं येतात, न बोलावता.

तेव्हा आम्ही दोघं पंचविशीतले.
उसना माईक, वारा लागू नये म्हणून
त्यावर लिगोरच्या शाळेतल्या फुटबॉलचा मोजा.
चोडणच्या खाजनात, बांधावर उकिडवे बसलो
मानशीपाशी.
फटी गावडे मानस म्हणाला
आणि मला वाटलं, मनाबद्दल बोलतोय.
ते दार होतं. फळ्यांचं, शेवाळलेलं,
ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडणारं.
भरती आली की खाडीच त्याला लोटते
आणि स्वतःलाच बाहेर ठेवते.
दार चौकटीवर बसलं.
धप्प.

दिवसातून दोनदा, चंद्र म्हणेल त्या वेळी.
आम्ही ते केलं
मिनिटाला एकशे बावीस वेळा.

परवा फटी आला, पिशवीत सुंगटं घेऊन.
लिगोरनं त्याला माझ्या खुर्चीत बसवलं,
टोपीवरूनच हेडफोन चढवले,
म्हणाला, ऐक, तुझी मानस.
पहिल्या ठोक्याला हसला.
चौथ्या-पाचव्याला त्याचा हात
खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला.
आठ मोजायच्या आत उठून उभा, वायर ओढत,
दाराकडे बघत.

काय झालं?

दार इतक्यांदा आपटतं, म्हणाला,
तेव्हा बांध फुटलेला असतो.

मग बसला. पाणी प्यायला. पुन्हा ऐकलं,
या वेळी शेवटपर्यंत, मान तिरकी करून,
नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा.
हेडफोन काढून, नीट पुसून, ठेवले.
आणि उदक खंय?

पाणी मीच काढलं होतं.
दहा वर्षांपूर्वी, एका रात्रीत,
चाळण्या लावून लावून,
दारामागचा तो सगळा खळखळाट
दोष म्हणून.
लिगोर तेव्हा म्हणाला होता, वा, किती स्वच्छ.

जुनी डिस्क सापडली कपाटात, बिलांच्या खाली.
मूळ ध्वनिमुद्रण एक तास चौदा मिनिटांचं:
डास, लिगोरचं शिंकणं,
फटी कुणाला तरी शेवट्यांचा भाव सांगतोय,
आणि पाणी,
फळीवर खांदा टेकवून चढत जाणारं,
खूप वेळ, खूप वेळ.

बाराव्या ट्रॅकमागे ते मी ठेवलंय.
अगदी खाली, नाचणाऱ्याला ऐकू जाणार नाही इतकं.
लिगोरला गेलं. म्हणाला, खरखर आहे, काढ.
मी म्हटलं, बघू.
अजून बघतेच आहे.

एकदा वाटलं, शेवटी तो ठोका
एकच ठेवावा, मूळचा,
आणि पुढच्या ठोक्यापर्यंत थांबावं.
हिशेब केला.
दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं.
तबकडीची एक बाजू बावीस मिनिटांची.